नकाशातलं सीबीडी आणि गोणीतली वाशी

मंडळी, आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये दोन विषय बारमाही चालतात. एक अप्रेझल आणि दुसरा, फ्लॅट कुठे घ्यायचा. पहिल्या विषयावर लिहिण्यात काही अर्थ नाही. :) दुसऱ्यावर मात्र बरेच दिवस लिहायचं डोक्यात होतं, कारण त्या चर्चेत एक शब्द हमखास येतो: 'अपकमिंग बिझनेस हब'. बिल्डरच्या ब्रोशरमध्ये हिरव्या झाडांच्या मधोमध तो छापलेला असतो. आपण वीस वर्षांचं कर्ज काढतो ते बऱ्याचदा या तीन शब्दांच्या भरवशावर.

आता प्रश्न असा, की एखाद्या उपनगरात 'केंद्र' कसं तयार होतं? म्हणजे लोक कामाला, खरेदीला, बँकेत, सिनेमाला जिथे आपोआप वळतात ती जागा. नकाशावर गोल काढून ती तयार होते का? याचं उत्तर शोधायला परदेशातली पुस्तकं चाळायची गरज नाही. नवी मुंबईत राहणाऱ्याने नुसतं खिडकीतून बाहेर बघितलं तरी पुरे. इथे पन्नास वर्षांपूर्वी काही अत्यंत हुशार माणसांनी केंद्रं आधी कागदावर आखली आणि मग शहर बांधायला घेतलं. शहराचं मुख्य केंद्र ठरलं बेलापूरला. त्याचं नावच मुळी सीबीडी, म्हणजे सेंट्रल बिझनेस डिस्ट्रिक्ट. रेल्वे स्टेशनच्या पाटीवरही तेच नाव आहे. आणि तरीही कुणाला विचारा, "लग्नाची खरेदी कुठे करायची?" उत्तर येतं, "वाशीला जा ना."

हे असं का झालं, त्याची ही गोष्ट.

सुरुवात मुंबईच्या आकारापासून करावी लागते. मुंबई हे एका टोकाला अडकलेलं शहर आहे. बंदर, कचेऱ्या, मंत्रालय सगळं दक्षिणेच्या टोकाला, आणि घरं सरकत सरकत उत्तरेला. त्यामुळे सकाळी सगळा भार एका दिशेला आणि संध्याकाळी उलट. आपल्या भाषेत सांगायचं तर एकच सर्व्हर, आणि त्याच्याकडे जाणाऱ्या दोन-तीन वायरी. हे संकट कुणाला दिसत नव्हतं असं नाही. १९४७-४८ मध्ये महापालिकेचे अभियंते ना. वि. मोडक आणि अमेरिकन नियोजनकार अल्बर्ट मेयर यांनी बृहन्मुंबईचा आराखडा मांडला, तेव्हाच शहराबाहेर उपग्रह नगरं वसवावीत हा विचार आला होता. पुढे १९५८ मध्ये स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला गेला. त्याने १९५९ मध्ये सांगितलं की ठाण्याच्या खाडीवर रस्ता आणि रेल्वे दोन्ही जातील असा पूल बांधा, म्हणजे वाढ पलीकडच्या जमिनीवर जाईल. ('रस्ता आणि रेल्वे दोन्ही' हे शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.)

मग आले अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ. त्यांच्या समितीने १९६६ मध्ये अहवाल दिला. मुंबईत उद्योगांची वाढ आवरा आणि खाडीपलीकडे एकच मोठं शहर न करता अनेक केंद्रांची वस्ती करा, प्रत्येक वस्ती अडीच लाखांच्या आतली, असं त्यात होतं. आज आपण ज्यांना 'नोड' म्हणतो त्यांचं मूळ इथे आहे. त्याच सुमारास, १९६५ मध्ये, चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी 'मार्ग' या नियतकालिकात खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली. तिघेही तेव्हा तिशी-पस्तिशीच्या आसपासचे किंवा थोडे पुढचे. त्यांच्या म्हणण्याचा गाभा साधा होता: घरं पलीकडे नेऊन उपयोग नाही, काम पलीकडे न्या. आणि राज्यातला सगळ्यात मोठा काम देणारा कोण? सरकार. तेव्हा सरकारनेच आधी आपलं बिऱ्हाड हलवावं.

कल्पना चक्क मान्य झाली. मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि १९७१ मध्ये तिच्याकडे नवं शहर वसवण्याचं काम अधिकृतपणे आलं. सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र, ९५ गावं. कोरिया सिडकोचे मुख्य वास्तुविशारद झाले, पटेल नियोजन बघू लागले, व्यवस्थापकीय संचालक होते जे. बी. डिसूझा. १९७३ मध्ये विकास आराखड्याचा मसुदा आला. सुमारे वीस लाख लोकांचं शहर, रेल्वेच्या दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारखे नोड, प्रत्येक नोडमध्ये सेक्टर, सेक्टरमध्ये शाळा, मैदान, बाजाराची जागा. रोजच्या गोष्टी पायी अंतरावर, आठवड्याच्या गोष्टी नोडच्या केंद्रात आणि मोठं काम सीबीडीला. पायऱ्या पायऱ्यांची ही रचना आजही वाचली की वाटतं, वा, काय सुंदर आर्किटेक्चर आहे!

पण आर्किटेक्चर डॉक्युमेंट आणि प्रॉडक्शन यांत किती अंतर असतं, ते तुम्हाला-मला सांगायला नको.

पहिली गडबड खाडीच्या अलीकडे झाली. ज्या राज्य सरकारने नवं शहर मंजूर केलं, त्याच सरकारच्या बॅकबे भरावावर त्याच काळात नरिमन पॉइंटचे भूखंड दिले जात होते. म्हणजे एका हाताने सांगायचं, कचेऱ्यांनो पलीकडे जा, आणि दुसऱ्या हाताने दक्षिणेच्या टोकाला समुद्र बुजवून त्यांना जागा द्यायची. १९७४ मध्ये एअर इंडियाची इमारत उभी राहिली. एकामागून एक टॉवर आले. मंत्रालय तर हललंच नाही. बेलापूरला कोकण भवन झालं, विभागीय आयुक्तांची कचेरी आली, रिझर्व्ह बँकेची मोठी इमारत आली, सिडकोचं स्वतःचं मुख्यालय आलं. पण मंत्री, सचिव आणि विधानभवन तिथेच राहिलं. मग त्यांच्या मागे फिरणारे वकील, सल्लागार, कंपन्या कशाला खाडी ओलांडतील? आणि यातला शेवटचा विनोद (विनोदच म्हणायचा) बघा: २०२४ मध्ये हीच एअर इंडियाची इमारत राज्य सरकारला १६०१ कोटींना घ्यायची मंजुरी मिळाली. कशासाठी? सरकारी कचेऱ्यांना मंत्रालयाजवळ जागा कमी पडते म्हणून!

त्यात १९७७ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलाची सूत्रं नव्या प्रादेशिक विकास प्राधिकरणाकडे दिली गेली. हेतू तोच, दक्षिण मुंबईवरचा भार कमी करणं. हेतू चांगला होता हे मान्य. पण ज्या कंपनीला नरिमन पॉइंट सोडायचं आहे तिला मुंबईतच, विमानतळाजवळ चकाचक जागा मिळाली, तर ती बेलापूरपर्यंत का जाईल? नव्वदच्या दशकानंतर परळ-लोअर परळच्या गिरण्यांच्या जमिनीही मोकळ्या झाल्या. थोडक्यात, सीबीडीला हवी असलेली गिऱ्हाइकं वाटेतच तीन दुकानांनी अडवली.

आता वाशी. वाशीचं पहिलं नशीब म्हणजे ती पुलाच्या तोंडाशी होती. १९७३ मध्ये खाडीपूल सुरू झाला. पण तो फक्त रस्त्याचा! बर्वे गटाच्या शिफारशीतली रेल्वे गळली होती. सिडकोने वाशीत पहिली घरं बांधली, जेएन टाईपच्या इमारती उठल्या, मध्यमवर्गीय मराठी, दाक्षिणात्य, गुजराती कुटुंबं राहायला आली. शाळा, बस डेपो, थोडी दुकानं. एवढ्यावर ती एक शांत, जरा कंटाळवाणी वसाहतच राहिली असती.

तिला शहर केलं ते कांद्या-बटाट्याने.

मुंबईचा घाऊक व्यापार तेव्हा मशीद बंदर, भायखळा, क्रॉफर्ड मार्केट या दाटीवाटीच्या भागात होता. ट्रक, हातगाड्या, माथाडी, सगळ्यांची मारामारी. बाजार समितीचा कायदा १९६३ चा. मुंबई कृषी उत्पन्न बाजार समिती १९७७ मध्ये स्थापन झाली. मग ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कांदा-बटाटा बाजार वाशीला हलला. नव्वदच्या दशकात मसाले आणि धान्य, त्यानंतर भाजी आणि फळं आली. व्यापारी हौसेने आले का? अजिबात नाही. पेढी सोडून खाडीपलीकडच्या चिखलात कोण जाईल? विरोध भरपूर झाला. पण इथे सरकारच्या हातात कायदा होता आणि त्याने तो वापरला. घाऊक व्यवहार नव्या आवारातच करायचा, जुन्या जागी नाही. नरिमन पॉइंटच्या बाबतीत जे करायची हिंमत झाली नाही, ते कांद्याच्या बाबतीत झालं.

आणि बाजार नुसता येत नाही हो, तो गोतावळा घेऊन येतो. पहाटे तीन-चारला नाशिक, पुणे, सातारा, सांगलीकडचे ट्रक लागतात. माल उतरवायला माथाडी हवेत. माथाडींना राहायला घर हवं, म्हणून कोपरखैरणे, घणसोलीला त्यांच्या वसाहती झाल्या. अडत्याला रोजचा गल्ला भरायला बँक हवी, ड्रायव्हरला जेवायला खानावळ हवी, ट्रकला गॅरेज हवं, शेतकऱ्याला रात्र काढायला लॉज हवा. बँकांच्या पाठोपाठ विमावाले, सीए, डॉक्टर. सेक्टर १७ मध्ये संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते, त्या गर्दीचा पाया गोणीत आहे. एकाला आणलं की दहा जण मागून येतात. सीबीडीलाही हेच व्हायचं होतं, फक्त तिथे गोणीऐवजी फाईल असणार होती. फाईल आलीच नाही.

मग रेल्वे. १९५९ मध्ये सुचवलेली गाडी खाडी ओलांडून वाशीला पोचली मे १९९२ मध्ये. तेहेतीस वर्षं! तीही तेव्हा, जेव्हा सिडकोने खर्चाचा ६७ टक्के भार उचलला आणि रेल्वेने ३३ टक्के. १९९३ मध्ये गाडी बेलापूरला गेली, १९९८ पर्यंत पनवेलला. नवी मुंबईची स्टेशनं मुंबईच्या स्टेशनांसारखी कोंदट का नाहीत, त्यांच्या डोक्यावर ऑफिसं आणि आयटी पार्क का आहेत, याचं उत्तर या हिशेबात आहे. पैसे घातले, तेव्हा स्टेशनच्या जागेतून कमाई करायचा हक्कही सिडकोने घेतला. वाशी स्टेशनवरच्या इन्फोटेक पार्कमध्ये नोकरी करणारा माणूस लोकलमधून उतरून लिफ्टने थेट कामावर जातो, ही सत्तरच्या दशकातल्या नियोजनाची खरीखुरी फळं.

रेल्वेचा परिणाम आकड्यांत बघा. नवी मुंबई महापालिकेच्या क्षेत्रात १९९१ च्या जनगणनेत सुमारे ३ लाख लोक होते, २००१ मध्ये ७ लाख, २०११ मध्ये ११ लाखांवर. पहिली वीस वर्षं रडतखडत आणि गाडी आल्यावर दहा वर्षांत दुपटीहून जास्त. पण यात एक मेख आहे. गाडी दोन्ही दिशांना जाते. काम पलीकडे येण्याआधी गाडी आली, म्हणून ती लोकांना मुंबईत कामाला घेऊन जाऊ लागली. जे शहर मुंबईला तोल देणार होतं, ते बऱ्याच अंशी मुंबईचं उपनगर झालं. सकाळी आठची हार्बर लोकल पकडणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

तिसरं केंद्र तर कुणी आखलंच नव्हतं. ठाणे-बेलापूर रस्त्यालगत सिडकोच्याही आधीपासून एमआयडीसीचा पट्टा होता, रसायनांचे कारखाने होते. पुढे त्यातले बरेच बंद पडले, जमिनी रिकाम्या झाल्या आणि २००० नंतर तिथे काचेच्या इमारती आल्या: महापे, घणसोली, रबाळे, ऐरोली. २००४ मध्ये ठाण्याहून गाडीही सुरू झाली. म्हणजे ज्या ऑफिसांची वाट सीबीडी पाहत होतं, ती आली खरी. पण ती कारखान्यांच्या जागेवर बसली. आराखड्यात ही जागा उद्योगाची होती, म्हणून इथे बाजार नाही, बाग नाही, पायी फिरायला धड फूटपाथ नाही. इथे काम आहे, पण केंद्र नाही. मी रोज याच पट्ट्यात येतो. संध्याकाळी साडेसातनंतर या रस्त्यावर रिक्षांच्या रांगेखेरीज काही उरत नाही.

मग एवढे हजारो लोक जेवतात कुठे, भाड्याने राहतात कुठे? उत्तर आहे, गावठाणात. आणि इथे या गोष्टीची दुसरी बाजू सुरू होते, जी ब्रोशरमध्ये कधीच नसते.

सिडकोकडे नव्या शहरासाठी वेगळी तिजोरी नव्हती. भांडवल होतं ते जमिनीचं: शेतीच्या भावाने घ्यायची, रस्ते-पाणी करायचं, चढ्या भावाने द्यायची आणि त्या पैशातून पुढचं शहर बांधायचं. ही शेती, ही मिठागरं आगरी-कोळी माणसांची होती. त्यांच्या गावांभोवती सेक्टर आखले गेले आणि गावं मधल्या मधे बेटांसारखी राहिली. नकाशावर बघा, सरळ रेषांच्या सेक्टरमध्ये अचानक एक वाकडातिकडा पुंजका दिसतो, तो गाव. मोबदल्याविरुद्ध दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. त्यानंतर साडेबारा टक्के योजना आली, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन परत. आज नवी मुंबईत आपण बघतो त्या कितीतरी इमारती या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर आहेत.

आणि गावठाणात काय झालं? जागा नाही म्हणून घरं वर चढली. खाली दुकान, वर खोल्या. नोकरीला नवीन लागलेला पोरगा पहिल्या महिन्यात सेक्टरमधला टू बीएचके घेऊ शकत नाही, तो घणसोली किंवा तुर्भे गावात दोघा-तिघांत खोली घेतो. पोळीभाजी केंद्र, मेस, मोबाईल दुरुस्ती, झेरॉक्स, शिंपी, सगळं एका गल्लीत. नियोजनकारांनी 'रोजच्या गोष्टी पायी अंतरावर' असं जे लिहिलं होतं, ते सगळ्यात नेमकं इथे उतरलं. गंमत म्हणजे कागदोपत्री इथली बरीच बांधकामं अनधिकृत. नियमाने बांधलेला सेक्टर सुनसान आणि नियमाबाहेरची गल्ली जिवंत, हे कोडं मला अजून सोडवत नाही. गल्लीचं गुणगान करून तिथली अंधारी जिने आणि आगीची भीती विसरणंही बरोबर नाही.

असो. तर या सगळ्यातून मी माझ्यापुरता निष्कर्ष काढला आहे: केंद्र म्हणजे जिथे लोकांना *यावंच लागतं* अशी जागा. चांगले रस्ते, कारंजी, नाव, यांनी लोक येऊ *शकतात*. पण त्यांना यायला लावण्यासाठी कुठेतरी दुसरीकडचं दार बंद करावं लागतं. बाजाराचं जुनं दार बंद केलं, वाशी झाली. मंत्रालयाचं दार उघडंच ठेवलं, सीबीडी नावापुरतं राहिलं. दार बंद करणं अर्थातच फुकट होत नाही. मशीद बंदरच्या व्यापाऱ्याने त्याची किंमत दिली, आगरी शेतकऱ्याने तर सगळ्यात जास्त दिली. पण किंमत घेऊनही दार बंद न करणं, हे त्याहून वाईट. जमीन शेतकऱ्याची गेली ती 'मुंबईचा तोल सांभाळणारं शहर' या वचनावर. ते वचन अर्धंच पाळलं गेलं.

हे सगळं आत्ता उगाळायचं कारण म्हणजे नवी केंद्रं पुन्हा आखली जात आहेत. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, उलव्यावरून जाणारी लोकल उरणपर्यंत पोचली, २०२३ च्या अखेरीस बेलापूर-पेंधर मेट्रो धावली आणि डिसेंबर २०२५ मध्ये नव्या विमानतळावरून विमानं उडू लागली. 'नैना' आहे, आणि सेतूच्या पलीकडच्या टोकाला १२४ गावांवर 'तिसरी मुंबई' योजली आहे. भाषा तीच: अनेक केंद्रं, कामाजवळ घर. गाडगीळ समितीच्या अहवालाला साठ वर्षं होत आली, वाक्यं फारशी बदललेली नाहीत.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी 'अपकमिंग हब' दाखवलं, की मी तीन प्रश्न विचारणार आहे, तुम्हीही विचारा. इथे कोणाला यावंच लागेल? त्यासाठी जुनं कुठलं ठिकाण बंद किंवा कमी होणार आहे, आणि तो निर्णय झालाय का? आणि ज्यांच्या जमिनीवर हे उभं राहतंय, त्यांना या केंद्रात गाळा मिळणार आहे की फक्त पार्किंगची पावती फाडायची नोकरी? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं नसतील तर फ्लॅट राहण्यापुरता घ्या, हबच्या नावाने जास्तीचे पैसे मोजू नका. तिसऱ्याचं उत्तर नसेल, तर निदान ते विचारणारे लोक मोर्चा काढतील तेव्हा ट्रॅफिक अडला म्हणून चिडू नका.

पुढच्या शनिवारी जमलं तर नोडच्या आतल्या सेक्टरबद्दल, आणि आर्टिस्ट व्हिलेजमध्ये कोरियांनी काय करून पाहिलं त्याबद्दल लिहीन. वाशी, बेलापूर, कोपरखैरण्याचे जुने रहिवासी कुणी वाचत असतील तर रेल्वे येण्याआधीचे दिवस जरूर लिहून ठेवा. आराखडे सरकार जपून ठेवतं, बसच्या रांगेतल्या गोष्टी कोणी ठेवत नाही.